फारकतीचा कागद: कुठे लिहिला गेला, कुठे शोधायचा

खांडबारा आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बचतगटांच्या आम्ही बाया आज तुमच्याशी एका कागदाबद्दल बोलणार आहोत. बैठकीत हप्ते, व्याज, कर्ज यांचं बोलणं संपलं की हळूच एखादी बाई विचारते, “ताई, माझी फारकत झालीय. पण त्याचा कागद कुठे मिळेल?” कुणाला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा असतो. कुणाला रेशनकार्डावरून नाव वेगळं करायचं असतं. कुणाला दुसरं लग्न करायचं असतं. सगळीकडे एकच मागणी होते: घटस्फोटाचा पुरावा आणा.

बाई म्हणते, सगळ्या गावाला माहीत आहे. खरंच असतं. पण गावाला माहीत असणं आणि सरकारी टेबलावर कागद ठेवणं, यात अंतर आहे. ते अंतर का पडलं, याला मोठा इतिहास आहे. तो कळला की कागद कुठल्या दारात शोधायचा हेही कळतं. म्हणून आधी इतिहास सांगतो, मग वाट सांगतो.

जुन्या काळी खानदेशात फारकत कोर्टात होत नव्हती, पंचांसमोर होत होती. आपल्या भिल्ल, मावची, कोकणा समाजांत नवरा-बायकोचं पटलं नाही तर दोन्हीकडची माणसं बसत, देजाचा हिशेब होई, आणि बाई मोकळी होई. शेतकरी आणि कारागीर जातींतही सोडचिठ्ठी होती. काडी मोडून दोन तुकडे करायचे, म्हणून ‘काडीमोड’ हा शब्द आला. नंतर बाईला पाट लावता येत असे. ज्या जातींत बाईला पुन्हा लग्नच नव्हतं, त्यांत तिला सुटकाही नव्हती. म्हणजे ज्यांना समाज खालचं म्हणायचा, त्यांच्या बायांना ही एक मोकळीक होती. हे आपण विसरू नये.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हातात गेला. इथल्या लोकांचे रीतिरिवाज काय आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि न्याय तर करायचा होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातीजातींचे रिवाज विचारून गोळा केले. ते पुस्तक १८२७ साली छापलं गेलं. त्यात लग्न, पाट, सोडचिठ्ठी, वारसा यांचे रिवाज आहेत. तोपर्यंत पंचांच्या तोंडी असलेला रिवाज आता सरकारच्या पुस्तकात गेला. पण एका बाईची फारकत कधी झाली, ही नोंद कुणी ठेवत नव्हतं. रिवाज लिहिला गेला, बाई लिहिली गेली नाही.

पुढे १८६० साली भारतीय दंड संहिता आली. तिच्या ४९४ कलमात नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. हिंदू पुरुषाला तेव्हा एकाहून जास्त बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. त्यामुळे हे कलम हिंदूंत जड पडलं ते बाईला. पंचांनी मोकळं केलेल्या बाईने पाट लावला आणि पहिल्या नवऱ्याने फिर्याद केली, तर प्रश्न कोर्टात जायचा: पहिलं लग्न खरंच मोडलं होतं का? १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की एखाद्या जातीने लग्न मोडल्याचं जाहीर केलं किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी दिली, तर तो जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. विचार करा, बायांनो. गावच्या पंचांनी जिला मोकळी म्हटलं, तिला मुंबईच्या न्यायालयाने अजून बांधलेलीच ठरवलं. तेव्हापासून कागदाची गरज सुरू झाली.

त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी १८८४ साली कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. या खटल्यात एक गोष्ट उघडी पडली. बायको परत मागायला नवऱ्यासाठी कोर्टाचं दार होतं. त्या लग्नातून सुटायला हिंदू बाईसाठी दार नव्हतं.

लिहिलेली फारकत मात्र सरकारला माहीत होती. १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यात कुठल्या दस्ताला किती मुद्रांक लावायचा याची यादी आहे. तिच्या २९ व्या क्रमांकावर फारकतीचा दस्त आहे आणि मूळ कायद्यात त्याला एक रुपया मुद्रांक होता. आपल्याकडे अजून ‘स्टॅम्पवर फारकत’ म्हणतात, त्या सवयीची मुळं इतकी जुनी आहेत. पण मुद्रांक लावला म्हणजे सरकारला त्याचा कर मिळाला, एवढंच. फारकत कायदेशीर झाली असा त्याचा अर्थ तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

आता आपल्या शेजारची गोष्ट. खांडबाऱ्याहून सुरतेकडे गाडीत बसलं की नवापूर लागतं. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. पुढचा सोनगड, व्याऱ्याचा मुलूख त्या काळी बडोद्याच्या गायकवाडांचा होता. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. आपण तेव्हा इंग्रजांच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतो. म्हणजे सोनगडला दिलेल्या लेकीला जो कायदा मिळाला, तो नवापूरला राहिलेल्या तिच्या बहिणीला मिळाला नव्हता. मुंबई प्रांतात असा कायदा यायला १९४७ साल उजाडलं. ‘मुंबई हिंदू घटस्फोट कायदा’ असं त्याचं नाव. त्याच्या आधी, १९४६ साली, हिंदू पुरुषाने दुसरी बायको करण्यावर मुंबई प्रांताने बंदी आणली होती. त्या बंदीला लोकांनी उच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९५१ साली न्यायालयाने ती कायम ठेवली.

मग १९५५ साली सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला आणि मुंबईचे हे दोन्ही कायदे रद्द झाले. १९७६ साली त्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोय झाली. या कायद्यातल्या दोन बारीक ओळी आपल्या भागासाठी फार मोठ्या आहेत. पहिली ओळ दुसऱ्या कलमात आहे: केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. दुसरी ओळ २९ व्या कलमात आहे: रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क या कायद्याने जात नाही. नवापूर तालुका आदिवासींचा. म्हणजे इथल्या पुष्कळ बायांची फारकत आजही रूढीनेच होते, आणि ती खरी असते. तिचा कोर्टात हुकूमनामा नसतो, कारण ती कोर्टात झालेलीच नसते. जो कागद कधी बनलाच नाही, तो शोधत बाई सहा महिने फिरते, ते याच कारणाने.

म्हणून, मैत्रिणींनो, शोध सुरू करण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: माझी फारकत कुणासमोर झाली? कोर्टासमोर, पंचांसमोर, की फक्त नोटरीच्या टेबलावर?

आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंदवही आहे. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. घटस्फोटाची मात्र तशी गावपातळीवर नोंदवही नाही. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी कायद्याखाली घटस्फोटाचीही नोंदणी करावी लागते. तिथेही आदिवासींना तो कायदा लागू नाही. अमेरिकेत लोक आजी-आजोबांच्या घटस्फोटाचे कागद शोधायला त्या त्या काउंटीच्या कोर्टात जातात, कारण जिथे निकाल झाला तिथेच तो राहतो. आपल्याकडेही नियम तोच आहे. ज्या कोर्टाने निकाल दिला, कागद त्याच कोर्टाच्या दप्तरात. म्हणून कोर्ट ओळखणं हे अर्धं काम.

दावा कुठे झाला असेल? हिंदू विवाह कायद्याचं १९ वं कलम सांगतं: लग्न जिथे लागलं तिथे, ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो राहतो तिथे, किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे. २००३ पासून दावा करणारी बायको असेल तर ती राहते तिथेही. आपल्या लेकी उच्छल, सोनगड, व्यारा, सुरतेला दिलेल्या असतात. तेव्हा कागद गुजरातच्या कोर्टात असू शकतो. आणखी एक लक्षात ठेवा. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा आपल्या पश्चिम खानदेशातली सीमेवरची काही गावं गुजरातला गेली. त्या गावांतलं जुनं प्रकरण असेल तर दोन्ही राज्यांत विचारावं लागतं.

मग साल पाहायचं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी आपला जिल्हा धुळे. म्हणून जुन्या निकालाचा माग नंदुरबारला लागला नाही तर धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात विचारावं. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, इथे चालतात. नवापूरच्या कोर्टात बायांना जो कागद मिळालेला असतो तो बहुतेक वेळा पोटगीचा असतो. पोटगी म्हणजे घटस्फोट नव्हे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली मिळायची, आता नव्या संहितेच्या १४४ कलमाखाली मिळते. ती कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही जमातीच्या बाईला मागता येते. पण त्या हुकमाने लग्न मोडत नाही. तसंच ‘न्यायिक विभक्तता’ म्हणून एक निकाल असतो. त्यातही नवरा-बायको वेगळे राहतात, लग्न मात्र राहतं. तेव्हा हातातला कागद वकिलाकडून किंवा शिकलेल्या पोरीकडून नीट वाचून घ्या.

आपल्या तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबंही बरीच आहेत. त्यांच्यासाठी १८६९ चा कायदा आहे. २००१ साली तो दुरुस्त होईपर्यंत जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नव्हता. त्यामुळे जुन्या ख्रिस्ती प्रकरणात जिल्ह्याचा निकाल आणि मुंबईचा हुकूम, असे दोन्ही कागद लागतात. मुसलमान बहिणींसाठी १९३९ चा कायदा आहे. त्याखाली बाईने कोर्टातून घेतलेला निकाल दिवाणी कोर्टात मिळेल. खुला झाला असेल तर काझीकडचा कागद पाहावा लागेल.

कोर्ट कळलं, साल कळलं. आता नक्कल. यासाठी दोघांची पूर्ण नावं लागतात, दाव्यात लिहिली तशी. बाईचं नाव कधी माहेरचं लिहिलेलं असतं, कधी सासरचं, दोन्ही सांगा. गावाचं नाव, वकिलाचं नाव, निकालाचा अंदाजे महिना आठवला तर उत्तम. दाव्याचा नंबर असेल तर सोनं. हल्लीच्या प्रकरणांना सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो नसला तरी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि साल टाकून शोधता येतं. गटातल्या कुठल्याही पोरीच्या मोबाइलवर ते होतं. जुनी प्रकरणं तिथे सापडतीलच असं नाही. मग कोर्टाच्या नोंदवहीतून शोध घ्यायचा अर्ज द्यावा लागतो. नंबर मिळाला की नक्कल विभागात प्रमाणित नकलेचा अर्ज करायचा, कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि पावती जपून ठेवायची. साधी झेरॉक्स आणि प्रमाणित नक्कल यांत फरक आहे. शिक्का, सही आणि ‘खरी नक्कल’ असा शेरा असलेलीच कामाची.

एक हक्क फार थोड्या बायांना माहीत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमात लिहिलंय, की घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर कोर्टाने त्याची एक प्रत दोघांनाही मोफत द्यायची. निकालाच्या दिवशीच ती मागून घ्या. पुढचे हेलपाटे वाचतात. आणि २२ व्या कलमानुसार ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यांची माहिती छापता येत नाही. म्हणून तुमची फाइल शेजारणीला सहज पाहता येणार नाही. कागद मागायला लाजू नका.

उशीरही करू नका. कोर्टाचे सगळे कागद कायमचे ठेवत नाहीत. १९१७ चा दप्तर नष्ट करण्याचा कायदा आहे आणि त्याप्रमाणे ठरावीक वर्षांनी काही कागद नष्ट होतात.

कधी कधी शोध घेताना भलतंच सापडतं. बाई माहेरी राहत असते, तिला काही ठाऊक नसतं, आणि नवऱ्याने एकतर्फी घटस्फोट घेतलेला असतो. समन्स तिच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. अशा वेळी रडत बसायला वेळ नाही. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर एकतर्फी निकाल रद्द करून मागता येतो, पण निकाल कळल्यापासून तीस दिवसांच्या आत. म्हणून ज्या दिवशी कळलं ती तारीख लिहून ठेवा आणि लगेच तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने बाईला आणि आदिवासीला वकील फुकट मिळतो. उत्पन्नाचा दाखला आडवा येत नाही. फोन नंबर १५१०० आहे.

आता पंचांसमोरच्या फारकतीबद्दल. ज्यांच्या समाजात तशी रूढी आहे त्यांची फारकत खरी. पण भांडण झालं की कोर्ट विचारतं: रूढी दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २००२ च्या निकालांत सांगितलंय, की जो रूढीचा आधार घेतो त्याने ती रूढी आधी मांडली पाहिजे आणि सिद्ध केली पाहिजे. ज्या समाजात अशी रूढी नाही, त्यातल्या जोडप्याने शंभराच्या स्टॅम्पवर सह्या केल्या आणि नोटरीचा शिक्का मारला, तर लग्न मोडत नाही. हे ऐकून काही बायांच्या पोटात गोळा येईल. पण आज कळलेलं बरं. नाहीतर दुसऱ्या लग्नानंतर वीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, पेन्शनच्या टेबलावर कळतं.

म्हणून पंच बसले तर चार ओळी लिहून घ्या. तारीख, गाव, दोघांची नावं, मुलं कुणाकडे, देजाचं काय ठरलं, दागिने-भांडी कुणाला, आणि पंचांच्या सह्या-अंगठे. पेसा कायदा १९९६ साली झाला. त्यात समाजाच्या प्रथा जपण्याचा आणि रूढ पद्धतीने तंटे सोडवण्याचा ग्रामसभेचा हक्क मान्य आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे आहेत. तेव्हा ग्रामसभेच्या इतिवृत्तात ही गोष्ट नोंदवायला सांगा. कुणी जुना लेख दुय्यम निबंधकाकडे नोंदवला असेल तर तिथेही शोधा. असे दस्त चौथ्या नंबरच्या पुस्तकात असतात आणि त्यांची नक्कल दस्त करणाऱ्यांनाच किंवा त्याखाली हक्क सांगणाऱ्यांनाच मिळते. आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर हयात पंचांचे जबाब घेऊन दिवाणी कोर्टात ‘आमचं लग्न रूढीने मोडलंय’ असं जाहीर करून मागण्याचा दावा करता येतो. पंच म्हातारे आहेत. तो दावा त्यांच्या हयातीत करायला हवा.

या कागदावर किती गोष्टी अडतात पाहा. वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांचा वनपट्टा दोघांच्या नावे द्यायचा असतो. घर सोडलेल्या बाईचं त्या पट्ट्यावर नाव राहिलं का, नंतर आलेल्या बाईचं लागलं का, याचा वाद फारकतीच्या तारखेवर येऊन थांबतो. लेकराच्या दाखल्यावर बापाचं नाव कुणाचं, तेही याच तारखेवर.

आपल्या आज्यांना मोकळं व्हायला एक काडी पुरत होती, कारण सगळं गाव साक्षीला होतं. आपल्या लेकी खांडबाऱ्याहून सुरतेला कामाला जातात, तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. तिथे साक्ष कागदाचीच. येत्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं: ज्या बायांची फारकत झालीय त्यांची नावं नकोत, फक्त प्रत्येकीला एकटीला बाजूला घेऊन विचारा, कुणासमोर झाली, कोणत्या साली, कागद आहे का. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासोबत गटातली एक बाई कोर्टात जाईल. एकटीला खिडकी लवकर बंद होते, दोघी असल्या की जरा जास्त वेळ उघडी राहते.